भट्टीत टाकण्याआधी कडा वाचा!

सातारा-सांगलीच्या घराघरांना कळकळीची विनंती: पणजोबांचा पलटणीतला बिल्ला, म्हणजे युद्धातलं पदक, मोडीत घालू नका. चांदीचा भाव चढला की ट्रंकेतली जुनी चांदी सराफाकडं जाते, आणि तिच्यासोबत ही पदकंही आटतात.

पहिल्या महायुद्धाचं चांदीचं पदक ओळखायला सोपं आहे. व्यास साधारण ३६ मिलिमीटर, एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार आणि १९१४, १९१८ ही सालं. खरा ऐवज मात्र कडेवर आहे. भिंग धरा. शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण तिथं इंग्रजी अक्षरांत ठोकलेली असते. आपल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या, तिथल्या कुतच्या वेढ्यात उपाशी राहिल्या. १९२९ साली बसऱ्यात तिथं पडलेल्यांचं स्मारक झालं, तेव्हा त्यावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली; शिपायांची नुसती संख्या. साताऱ्याजवळच्या एकट्या अपशिंगे गावचे ४६ जण त्या युद्धात कामी आले. अशा घरांत पणजोबांचं नाव कोरलेली वस्तू कदाचित हा बिल्लाच असेल!

खानापूर-आटपाडीच्या गलाई बांधवांनो, देशभरच्या भट्ट्या तुमच्या हातात आहेत. पदक आलं तर कडा वाचा, फोटो काढा, विकणाऱ्याला पुन्हा एकदा विचारा.

जमिनीतल्या जुन्या वस्तूंचंही तेच. मेटल डिटेक्टर घेऊन गडांवर फिरणाऱ्या तरुणांनो, खणणं आजच थांबवा. संरक्षित स्मारकात विनापरवाना खोदणं गुन्हा आहे, आणि वस्तू मातीतून उपसली की ती कुठल्या थरात होती हे कायमचं पुसलं जातं. शेतात नांगराला नाणी, बिल्ले लागले तर जागा आणि खोली लिहून ठेवा. पुरलेला ठेवा १० रुपयांहून जास्त किमतीचा असेल, तर १८७८ च्या कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावंच लागतं. लपवला तर सापडणाऱ्याचा हिस्साही जातो.

आणि कृपा करून पदक किंवा नाणं घासू नका. चिंच, राख, पितांबरी यांनी चकाकी येते, पण कडेवरची अक्षरं झिजतात. तांब्यावरचा काळपट थर राहू द्या. माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवा, मऊ ब्रश हलका फिरवा, पूर्ण सुकवा, कागदात गुंडाळा.

नाव लागत नसेल तर कडेचा स्पष्ट फोटो घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात किंवा बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात विचारा. विकायचंच असेल, तरी आधी भावकीत दाखवा.