गाडीच्या लाइटला काळी छटा : फिल्म लावावी की स्प्रे मारावा?

घरात नवी बाइक किंवा कार आली की पहिले काही दिवस तिची पूजा होते आणि मग सुरू होतो तिचा मेकअप. सीट कव्हर, मॅट, परफ्यूम झाले की तरुण मुलांची नजर जाते टेललाइटवर. ‘‘आई, स्मोक करून घेऊ या ना, काय भारी लुक येतो!’’ दिल्लीचं करोल बाग असो की बेंगळुरूचा जे. सी. रोड, दुकानदार दोन पर्याय समोर ठेवतो, फिल्म आणि स्प्रे. हो म्हणण्याआधी दोन्हींतला फरक समजून घ्या.

फिल्म म्हणजे काय?

ही लवचिक प्लॅस्टिकची चिकट शीट असते. लाइट स्वच्छ धुऊन त्यावर साबणाचं पाणी मारतात, शीट ठेवतात आणि हेअर ड्रायर किंवा हीट गनची ऊब देत ती वळणावर बसवतात. आतलं पाणी आणि हवेचे बुडबुडे पट्टीने बाहेर काढतात. खोल वळणं असलेल्या लाइटवर सुरकुत्या पडतात, कडा सुटू शकतात, हा तिचा दोष. पण सर्वात मोठा गुण हा की मन बदललं तर ऊब देऊन ती सोलून काढता येते. खालचा लाइट जसाच्या तसा राहतो.

स्प्रे म्हणजे काय?

स्प्रे धरावा म्हणून लाइटचा पृष्ठभाग आधी वॉटर पेपरने घासतात. मग पातळ रंगाचे दोन-तीन हात आणि वरून क्लियर कोट. काम नीट झालं तर फिनिश कंपनीतून आल्यासारखं दिसतं, कडाही दिसत नाहीत. पण एक हात जास्त पडला की लाइट जवळजवळ बंद झाल्यासारखा दिसतो. तो काढायचा तर पुन्हा घासणं आलं. टेललाइटच्या अॅक्रिलिकवर थिनर लावला तर बारीक तडे जातात. हेडलाइटच्या काचेसारख्या दिसणाऱ्या पॉलिकार्बोनेटवर उन्हापासून बचाव करणारा थर असतो. तो घासला गेला की लाइट लवकर पिवळा पडतो. म्हणजे चूक झाली तर नवा लाइटच घ्यावा लागतो.

खरा प्रश्न वेगळाच आहे

लाइट आपल्याला दिसावं म्हणून असतात, तसे आपण दुसऱ्याला दिसावं म्हणूनही असतात. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात साधारण २२ मीटर पुढे जाते. तुमचा ब्रेकलाइट मागच्या चालकाला अर्धा सेकंद उशिरा कळला तर तो ११ मीटर जवळ आलेला असतो. भर दुपारच्या उन्हात तर काळ्या लाइटमधला ब्रेक दिसणं आणखी कठीण.

रिफ्लेक्टरचं गणित याहून कडक आहे. मागच्या गाडीचा प्रकाश फिल्ममधून आत जातो आणि परत बाहेर येतो, म्हणजे दोनदा गाळला जातो. ७० टक्के प्रकाश जाऊ देणारी ‘हलकी’ फिल्मही शेवटी ४९ टक्केच परत पाठवते. रस्त्याच्या कडेला बंद पडलेल्या गाडीचा आधार मात्र तोच रिफ्लेक्टर असतो.

कायदाही लक्षात ठेवा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार परवानगी नसलेला बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडी मुलगा चालवत असेल, पण आरसी बाबांच्या नावावर असेल तर उत्तर बाबांना द्यावं लागतं.

मग काय करावं?

* लाइट काळे करूच नका. हौस भागवायचीच असेल तर बॉडीवर स्टिकर किंवा व्हील कव्हर आहेत.
* हेडलाइट पिवळे पडू नयेत म्हणून पारदर्शक संरक्षक फिल्म लावता येते. फिल्मचा खरा उपयोग इथे आहे.
* पिवळी फिल्म लावल्याने धुक्यात जास्त दिसतं, हा गैरसमज आहे. कोणतीही फिल्म प्रकाश वाढवत नाही.
* काळा केलेला लाइट उजळ व्हावा म्हणून जास्त वॅटचा बल्ब बसवू नका. उष्णतेने वायरिंग आणि होल्डर जळू शकतात.
* जुनी गाडी घेताना लाइट स्मोक केलेले असतील तर फिल्म आहे की स्प्रे ते नखाने कडेला तपासा. फिल्म असेल तर सोलून घ्या, स्प्रे असेल तर नव्या लाइटचा खर्च किमतीतून कमी करून मागा.

आणि मुलगा ऐकतच नसेल तर वाद घालू नका. दुपारी कुणाच्या तरी स्मोक केलेल्या गाडीमागे त्याला ३० पावलांवर उभं करा आणि ब्रेक दाबायला सांगा. तो केव्हा दाबला, हे त्याला ओळखू द्या. मग म्हणा, ‘‘रात्री घरी येताना तुझ्या मागे ट्रक असतो.’’