चांदीच्या पापुद्र्यावरचा किरण

नोव्हेंबरात आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव होतो. मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात आणि देवीच्या चरणांवरून मुखाकडे चढतात. वाटेत ढग आला की गर्दी हळहळते. प्रकाश नेमक्या जागी पोचवणं किती अवघड, हे कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको.

या अंकाचा विषय तोच, फक्त माप नॅनोमीटरचं. काचेचं भिंग कितीही घासा, हवेत प्रकाशाचा ठिपका तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून लहान होत नाही. एर्न्स्ट आबे यांनी १८७३ सालीच ही मर्यादा मांडली. तिथे चांदी मदतीला येते. तिच्या पातळ पापुद्र्यात गोल चीर कोरली, की प्रकाश धातूतल्या इलेक्ट्रॉनांना झुलवतो आणि पृष्ठभागाला चिकटून लाटा धावतात. हवेतल्यापेक्षा त्यांची लांबी कमी, म्हणून ठिपकाही बारीक. परातीच्या कडेला टिचकी मारल्यावर पाण्याचे तरंग मधोमध जुळावेत, तसंच हे. मात्र एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश टाकला, तर समोरासमोरच्या लाटा केंद्रात एकमेकींना खोडतात. मग अर्धी चीर अर्ध्या लाटेइतकी सरकवून कोरतात. मला ही युक्ती फार सुंदर वाटते.

अडचणी आहेतच. चांदी थोडा प्रकाश स्वतःच गिळते, आणि हवेतल्या गंधकाने काळवंडते. हा काळेपणा हुपरीच्या चांदी कारागिरांच्या रोजच्या ओळखीचा. पदार्थविज्ञान शिकणाऱ्या आमच्या मुलांनी एकदा हुपरीला जाऊन त्यांच्याशेजारी बसावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.