हप्ता घटला, कर्ज लांबलं

2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेसहावरून सव्वापाच टक्क्यांवर आणला आणि गृहकर्ज दुसऱ्या बँकेत हलवण्याचा आग्रह करणारे फोन वाढले. फोनवर फक्त नवा हप्ता सांगतात. मुदत विचारावी लागते.

समजा, 40 लाख रुपये बाकी आहेत, 18 वर्षं उरली आहेत आणि व्याज 9 टक्के आहे. हप्ता साधारण 37,450 रुपये. 8 टक्क्यांवर, तेवढ्याच मुदतीत, तो 35 हजारांवर येतो; एकूण बचत पाच लाखांच्या पुढे. पण नव्या बँकेने मुदत 25 वर्षं केली, तर हप्ता 31 हजारांखाली जातो, घरात आनंदीआनंद होतो आणि एकूण फेड मात्र जवळपास पावणेबारा लाखांनी वाढते. दर कमी होऊनही!

बदलत्या दराचं वैयक्तिक गृहकर्ज मुदतीआधी फेडल्यास दंड लागत नाही. खर्च असतो तो नव्या बँकेचं प्रक्रिया शुल्क, वकील, मूल्यांकन आणि मुद्रांक शुल्काचा.

म्हणून आधी आपल्याच बँकेत जावं. ऑक्टोबर 2019 पूर्वीची अनेक कर्जं अजून एमसीएलआरशी, म्हणजे बँकेने स्वतः ठरवलेल्या किमान दराशी, बांधलेली आहेत. थोडं शुल्क भरून ती रेपोशी जोडून घेता येतात. शेवटची पाच-सहा वर्षं उरली असतील, तर बँक बदलण्याची यातायात बहुधा नकोच. व्याजाचा मोठा भाग तोवर भरून झालेला असतो. दिवाळीचा बोनस थेट मुद्दलात टाकलेला बरा, अर्थात सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवूनच.