त्वचेच्या तळघरातील संशोधन

बँकेतील सेवाकाळात निवृत्तिवेतनधारकांच्या अंगठ्याचे ठसे मी वर्षानुवर्षे पाहिले. जुन्या कागदावरचा ठसा आणि नवा ठसा शेजारी ठेवला, तर रेषा त्याच. त्वचेचा बाहेरचा थर मात्र साधारण महिन्याभरात झडून नवा होतो, हे निवृत्तीनंतर वाचनात आले आणि मी चकित झालो. खातेदार तोच, कागद मात्र दरमहा नवा! रेषांची घडण जन्मापूर्वीच खालच्या थरांत पक्की झालेली असते आणि तळाच्या पेशी तिच्यावर पुनःपुन्हा नवी त्वचा रचतात. या तळाच्या पेशींचा ध्यास घेऊन चार दशकांहून अधिक काळ काम करणाऱ्या शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. एलेन फ्यूक्स.

त्यांचा जन्म १९५० चा, अमेरिकेतील. इलिनॉय विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून त्यांनी १९७७ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय जिवाणूंचा होता. मात्र हॉवर्ड ग्रीन यांचे व्याख्यान ऐकून त्यांची वाट बदलली. मानवी त्वचेच्या पेशी प्रयोगशाळेतील बशीत वाढविण्याची रीत ग्रीन यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केली होती. पुढे १९८३ मध्ये जवळजवळ सर्वांग भाजलेल्या दोन लहान भावांचे प्राण याच रीतीने वाचले. त्यांच्या अंगावर शिल्लक राहिलेल्या निरोगी त्वचेच्या लहानशा तुकड्यांपासून नवे थर वाढवून ते जखमांवर बसविण्यात आले. एमआयटीत याच ग्रीन यांच्या हाताखाली फ्यूक्स यांनी त्वचेचा अभ्यास आरंभिला आणि १९८० मध्ये शिकागो विद्यापीठात स्वतःची प्रयोगशाळा उभी केली.

त्यांनी प्रथम हाती घेतले ते केराटिन. केस, नखे आणि त्वचा यांना बळ देणारे हे प्रथिन. इमारतीत जशा लोखंडी सळया, तसे पेशीत केराटिनच्या धाग्यांचे जाळे. ही सळई वाकडी झाली तर काय होईल, हा त्यांचा प्रश्न होता. वैद्यकशास्त्रात सामान्यतः रोगी आधी दिसतो आणि कारणाचा शोध नंतर लागतो. आम्ही बँकवालेही थकीत कर्जापासून मागे जात मूळ नोंदीतील चूक धुंडाळतो. फ्यूक्स यांनी उलटा मार्ग धरला. त्यांनी केराटिन-१४ चे जनुक जाणूनबुजून बिघडवून उंदरांत घातले आणि हा बिघाड कोणत्या मानवी रोगासारखा दिसतो, हे पाहिले. उंदरांच्या त्वचेला किंचित घर्षणानेही फोड येऊ लागले. हे चित्र ‘एपिडर्मोलिसिस बुलोसा सिम्प्लेक्स’ या आनुवंशिक विकाराशी जुळले. त्याच वर्षी, १९९१ मध्ये, या विकाराच्या रुग्णांतही केराटिन-१४ मधील उत्परिवर्तन त्यांच्या गटाला सापडले. सुमारे पावणेपाचशे घटकांच्या या प्रथिनात एक घटक, १२५ व्या स्थानाचा, बदललेला होता. एवढ्याने सारी त्वचा नाजूक!

उंदरांवरील हे प्रयोग वाचताना आपल्यापैकी अनेकांचे मन अस्वस्थ होईल. माझेही झाले, आणि ती अस्वस्थता मी येथे लपवीत नाही. परंतु ज्या घरात बाळाला कुशीत घेतानाही फोड येण्याची भीती असते, त्या घराला कारणाचे नाव मिळणे किती मोलाचे आहे, हेही मला नाकारता येत नाही. या विकारावर संपूर्ण उपाय आजही नाही. कारण मात्र आता अज्ञात राहिलेले नाही.

२००२ पासून त्या न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात आहेत. केसाच्या मुळाशी असलेल्या बारीकशा फुगवट्यात मूलपेशी वस्ती करून असतात. त्या क्वचितच विभागतात, हे हेरून फ्यूक्स यांच्या गटाने पेशींना चमकणारी खूण दिली. भराभर विभागणाऱ्या पेशींतील खूण विरत गेली. संथ पेशींत ती टिकली आणि मूलपेशी ओळखता आल्या. हे काम २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. आपला केस गळतो तेव्हा नवा उगवतो तो या पेशींच्या भांडवलावर. पुढे सन्मान आलेच, अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक त्यांपैकी एक.

मला विशेष भावले ते २०१७ चे काम. उंदरांच्या त्वचेला दाह झाला, तो शमला, त्वचा पूर्ववत दिसू लागली. त्यानंतर त्याच जागी जखम केली, तर ती दुपटीहून अधिक वेगाने भरून आली. मूलपेशींनी पहिल्या दाहाची आठवण सहा महिन्यांनंतरही जपून ठेवली होती. काही त्वचारोग बरे झाल्यासारखे वाटूनही त्याच ठिकाणी पुन्हा का उफाळतात, याचा मागही कदाचित याच आठवणीतून लागेल.