अर्धवेळ काम, पूर्ण दिवस

मुलांनो, तुमच्यापैकी पुष्कळजण लहानपणी अंगणवाडीत गेला असाल. आमच्या शाळेच्या मागच्या गल्लीत अशीच एक अंगणवाडी आहे. तिथल्या सेविकेला सारा मोहल्ला आपा म्हणतो. सकाळी आपा मुलांना गोळा करतात, गाणी शिकवतात, हात धुवायला लावून खिचडीला बसवतात. मुले घरी गेली की दुसरे काम सुरू होते. बाळांचे वजन करणे, उंची मोजणे, गरोदर बायकांच्या घरी जाणे, लसीकरणाच्या दिवशी आयांना बोलावून आणणे आणि हे सारे रजिस्टरात व आता मोबाइलमध्येही भरणे. संध्याकाळी वाण्याकडे भेटल्या तरी त्यांच्या हातात वजनांची यादी असते.

सरकारच्या लेखी मात्र हे काम अर्धवेळ आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. सेविकेला तीत पगार नाही, मानधन मिळते. केंद्राने ठरवलेले मानधन २०१८ मध्ये महिना ३००० रुपयांवरून ४५०० रुपये झाले. राज्ये त्यात आपली भर घालतात.

मानधन हा शब्द मला चांगला ठाऊक आहे. बी.एड. झाल्यावर मी तीन वर्षे शिक्षणसेवक होतो. वाणी उधारीची वही पुढे करी, तेव्हा त्या शब्दातला मान काही उपयोगी पडत नसे. पण तीन वर्षे संपली की वेतनश्रेणी मिळेल, एवढा भरवसा होता. आपांना सत्तावीस वर्षे झाली.

काही लोक म्हणतात, देशात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. सर्वांना पूर्ण पगार द्यायला पैसा कुठून आणायचा? प्रश्न खोटा नाही. पण पैसा कमी आहे म्हणून दिवसभराच्या कामाला अर्धवेळ म्हणणे मला पटत नाही. मग काम तरी तेवढेच द्या.

सर्वोच्च न्यायालयालाही ते पटले नाही. गुजरातमधल्या एका प्रकरणात न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी सांगितले की, सेविका आणि मदतनीस यांना १९७२ चा ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो. या कायद्याप्रमाणे निदान पाच वर्षे सलग नोकरी केलेल्या माणसाला नोकरी सोडताना दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन मिळत असे.

तरीही डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांना संप करावा लागला. ग्रॅच्युइटी आणि पेन्शन या मागण्या त्यात होत्याच. आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीलाही कुलूप लागले. काही आया चिडल्या. खरे सांगायचे तर मीसुद्धा आपांना म्हणालो, "मुलांचे हाल होतात हो."

"सर, काम तर अर्ध्या वेळेचं आहे ना?" आपा म्हणाल्या. "मग मी चार दिवस घरी बसले तर एवढं का अडतं?"

मी गप्प बसलो. आपांच्या निवृत्तीला आता दोन वर्षे उरली आहेत. ग्रॅच्युइटीचा अर्ज मराठीत कसा लिहायचा, हे त्या परवा मला विचारून गेल्या.