मेंदूज्वर आणि घटकेचें मोल

घरांत कोणी तापानें पडलें कीं वडीलधाऱ्या मंडळींचा सल्ला ठरलेला असतो : लंघन करावें, काढा घ्यावा, सकाळपर्यंत वाट पाहावी. पुष्कळ तापांत हा धीर शोभतो. परंतु मेंदूवरील आवरणाचा जंतुजन्य दाह, म्हणजे मेंदूज्वर, झाला असतां तोच धीर प्राणघातक ठरतो, हें वाचकांच्या ध्यानीं आणून देणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

१९४२ सालीं लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयांत या रोगाचा एक रोगी मरणोन्मुख पडला होता. सल्फा औषधांचा गुण येईना. डॉ. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं ऑक्सफर्डच्या फ्लोरी यांजकडून पेनिसिलिन मागवून टोचलें. परंतु मेंदूभोंवतालच्या द्रवांत तें उतरत नाहीं असें आढळतांच त्यांनीं कण्यांत सुई घालून तें थेट त्या द्रवांत सोडलें. रोगी बरा झाला.

यांतील मर्म आजही तेंच आहे. रक्त आणि मेंदू यांमध्यें निसर्गानें तटबंदी घातली आहे. पोटांत घेतलेल्या चार गोळ्यांस ती ओलांडवत नाहीं. म्हणून सेफ्ट्रिआक्झोनसारखें प्रतिजैविक मोठ्या मात्रेनें शिरेंतून देतात. प्रौढांस बहुधा दर १२ तासांनीं २ ग्रॅम. दाह आवरण्यासाठीं डेक्सामेथासोन पहिल्या मात्रेच्या आधीं किंवा तिजबरोबर देतात. कण्यांतील पाणी तपासणें अवश्यच. पण त्यास विलंब लागणार असेल तर रक्ताचा नमुना घेऊन औषध सुरू करतात. जंतूच्या जातीप्रमाणें तें ७ ते १४ दिवस, क्वचित् अधिकही चालतें. कपाटांतील उरलेल्या गोळ्या मात्र देऊं नयेत. त्यांनीं रोग जात नाहीं, तपासणींत जंतु तेवढे लपतात.

तीव्र ताप, असह्य डोकेदुखी, ताठरलेली मान, भ्रम किंवा ग्लानि दिसतांच रुग्णालय गांठावें. तान्ह्या मुलाची मान ताठेलच असें नाहीं. तें दूध सोडतें, किरकिरतें, टाळू फुगते. हें प्रथम त्याच्या आईच्या ध्यानांत येतें. घरांत ती वयानें लहान, म्हणून तिचा शब्द मागें पडूं नये. उशिरा उपचार झालेलें मूल वांचलें तरी कित्येकदां बहिरें होतें.

मेनिंगोकॉकस जंतु आढळल्यास रोग्याबरोबर राहणाऱ्यांसही प्रतिबंधक औषध लागतें. एकत्र कुटुंबांनीं तें डॉक्टरांस आवर्जून विचारावें. मुलांच्या लसी वेळेवर टोचून घ्याव्यात. आणि शंका आली तर पंचांगांत मुहूर्त न पाहतां, रात्र असो वा दिवस, तत्काळ निघावें.