हिंसेचा वारसा आणि ख्रिस्ती क्षमा

वडिलांनी आईवर हात उगारलेला ज्या मुलीने पाहिला, तिला सासरीही तेच भोगावे लागण्याची शक्यता अधिक असते, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून दिसून आले. १८ ते ४९ वयोगटातील २९.३ टक्के विवाहित स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे या पाहणीत सांगितले.

हा वारसा अटळ आहे काय? बाबेलच्या बंदिवासातील लोक आपल्या दुर्दशेचे खापर पूर्वजांवर फोडीत होते. पित्याच्या पापाचा भार पुत्रावर नाही व मनुष्य पापापासून मागे फिरू शकतो, असे यहेज्केल संदेष्ट्याने (अध्याय १८) त्यांना बजावले.

मात्र श्रद्धेच्या नावाने पीडितेलाच सहन करावयास सांगणे म्हणजे ही साखळी अधिक घट्ट करणे होय. छळापासून रक्षणासाठी विभक्त होणे प्रसंगी नैतिकदृष्ट्या आवश्यक ठरते, हे पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’त मान्य केले. क्षमा म्हणजे मौन नव्हे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचा आधार घेतल्याने क्षमाधर्म मोडत नाही. पापनिवेदन, व्यसनमुक्ती व समुपदेशन ही पावले हात उगारणाऱ्याने उचलावयाची आहेत. विवाहपूर्व शिबिरांत वधूवरांना हे स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजे.